सायंकाळची बैठक : एका गांवाची शर्यत

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका कागदावरून मोठा वाद झाला. आमचे धाकटे पुतणे सध्यां अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहेत आणि हल्लीं त्यांच्या बोलण्यांत मोटारीखेरीज दुसरा विषय येत नाहीं. रात्रीचीं जेवणें उरकल्यावर ते एक अर्ज घेऊन माझ्यापुढें येऊन बसले. आमच्या गांवच्या वेशीपासून मारुतीच्या देवळावरून घाटाच्या पायथ्यापर्यंत जो रस्ता जातो, त्यावर वर्षांतून एक दिवस मोटारींची शर्यत भरविण्यास परवानगी मिळावी, असा त्या अर्जाचा आशय होता. खालीं दहापंधरा तरुणांच्या सह्या होत्या आणि सर्वांत वर एक जागा मोकळी सोडलेली होती.

"काका, तिथें तुमची सही हवी. वडीलधाऱ्या माणसाचें नांव असलें कीं अर्ज बाजूला पडत नाहीं," असें त्यांनीं मला समजाविलें.

मी चष्मा शोधण्याच्या निमित्तानें वेळ काढीत होतों, तोंच कोपऱ्यांत वाती वळीत बसलेल्या आमच्या आत्याबाईंनीं विचारलें, "अरे, पण त्या दिवशीं रस्त्याच्या कडेला पोरें उभीं राहतील, त्यांचें काय?"

"आत्याआजी, दोर बांधतात, पोलीस उभे करतात," चिरंजीव म्हणाले. "आणि अमेरिकेंत एवढ्याशा एका गांवानें अशीच शर्यत भरवून जगांत नांव काढलें. वॉटकिन्स ग्लेन. काका, तुम्ही एकदां वाचा तरी!"

वाचल्याशिवाय कशावरहि सही करूं नये, हा आमच्या वडिलांनीं घालून दिलेला नियम. म्हणून त्या गांवाची हकीकत मिळेल तेवढी मिळवून वाचली. जी हातीं लागली ती या महिन्याच्या बैठकींत वाचकांपुढें ठेवतों. सहीचें काय झालें, तें शेवटीं सांगेन.

न्यूयॉर्क म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें गगनाला भिडणाऱ्या इमारती उभ्या राहतात. पण त्याच नांवाच्या राज्याच्या अंतर्भागांत डोंगर, द्राक्षांचे मळे आणि हाताच्या बोटांसारखीं लांबट सरोवरें आहेत. लोक त्यांना 'फिंगर लेक्स', म्हणजे बोटांचीं सरोवरें, असेंच म्हणतात. त्यांपैकीं सेनेका नांवाच्या सरोवराच्या दक्षिण टोकाशीं वॉटकिन्स ग्लेन हें गांव वसलें आहे. ग्लेन म्हणजे अरुंद दरी. गांवाला लागूनच कातळ कापीत गेलेली एक घळ आहे आणि तींत एकामागून एक असे एकोणीस धबधबे आहेत. ही घळ १८६३ सालीं प्रवाशांसाठीं खुली झाली आणि १९०६ सालीं राज्यसरकारनें ती आपल्या ताब्यांत घेतली. गांवची वस्ती दोनतीन हजारांची. उन्हाळ्यांत धबधबे पाहावयास माणसें येत, खाणावळी आणि दुकानें चालत. उन्हाळा सरला कीं सगळें सामसूम होई. आपल्याकडील थंड हवेच्या गांवांत पावसाळ्याच्या तोंडावर जी कळा येते, तिची कल्पना वाचकांस असेलच.

या गांवाशीं कॅमरॉन अर्गेटसिंगर नांवाच्या तरुणाचा घरोबा होता. तो जवळच्या इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास करीत होता आणि त्याच्या घरच्या मंडळींचें सरोवराकांठीं उन्हाळी घर होतें. त्याच्याजवळ एम. जी. जातीची एक बुटकी, दोन माणसांची इंग्रजी मोटार होती. दुसरें महायुद्ध नुकतेंच संपलेलें. युरोपांतून परत आलेल्या अमेरिकन सैनिकांनीं अशा चपळ गाड्या तिकडे पाहिल्या होत्या आणि त्यांचें वेड अमेरिकेंत हळूहळू पसरत होतें. त्या हौशी लोकांची एक संस्था १९४४ सालीं निघाली होती. परंतु गाडी हांकण्याचें कौशल्य दाखवावें कुठें? अमेरिकेंतील बहुतेक शर्यती लंबगोल मैदानांत होत. चढउतार, आडवळणें, पूल, असें सारें ज्यांत येतें तो खरा रस्ता मिळाल्याखेरीज या गाड्यांची आणि त्या हांकणाऱ्यांची परीक्षा होणार नाहीं, असें अर्गेटसिंगरला वाटे.

त्यानें गांवाभोंवतींच्या रस्त्यांचाच एक फेरा आंखला आणि तो स्थानिक व्यापारी मंडळापुढें मांडला. मंडळानें ती कल्पना उचलून धरली. ऑक्टोबरांत शर्यत भरली तर प्रवाशांचा हंगाम आणखी थोडा लांबेल, हा त्यांचा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. एका बाजूला एका तरुणाची हौस आणि दुसऱ्या बाजूला गांवच्या दुकानदारांची निकड, अशा दोन निराळ्या गरजा एकाच वेळीं एकत्र आल्या. गांवांतील पुष्कळ चांगलीं कामें अशीच उभीं राहतात. त्यांतले धोकेहि कधीं कधीं तेथूनच सुरू होतात, कारण हौस आणि निकड या दोघींनाहि थांबून विचार करण्याची संवय नसते.

तो फेरा ६.६ मैलांचा, म्हणजे सुमारें साडेदहा किलोमीटरांचा होता. गांवच्या मुख्य फ्रँकलिन रस्त्यावर न्यायकचेरीपुढें आरंभ. तेथून डोंगरावर चढ. वर शेतवाडींतून जाणारीं वळणें. मग उतार, ओढ्यावरचा दगडी पूल, आगगाडीचे रूळ. आणि पुन्हां वेगानें खालीं गांवांत. कांहीं भाग डांबरी, कांहीं सिमेंटचा, तर कांहीं चक्क खडीमातीचा. शर्यत चालू असेपर्यंत रेल्वेनें आपल्या गाड्या थांबवून धरल्या. त्या दिवसाची आठवण 'आगगाड्या थांबल्या तो दिवस' अशीच गांवांत अजून सांगतात.

तारीख होती २ ऑक्टोबर १९४८. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील रस्त्यावर झालेली ही पहिलीच मोटारशर्यत. आधीं चार फेऱ्यांची लहान शर्यत झाली आणि नंतर आठ फेऱ्यांची, म्हणजे ५२.८ मैलांची, मोठी शर्यत झाली. दोन्हींत फ्रँक ग्रिसवोल्ड हा पहिला आला. त्याची आल्फा रोमिओ ही इटालियन गाडी युद्धापूर्वीं बांधलेली होती. ज्या अर्गेटसिंगरनें सगळा घाट घातला तो स्वतःच्या एम. जी. गाडींतून धांवला आणि नववा आला. बक्षिसाचे पैसे नव्हते. सारे धांवणारे हौशी होते.

त्या दिवशींच्या दोन अपघातांचीं नांवें रस्त्याला कायमचीं चिकटलीं. दगडी पुलापाशीं डेन्व्हर कॉर्नेट याची गाडी उलटून ओढ्यांत गेली. तो पूल पुढें 'कॉर्नेटचा पूल' झाला. शेवटच्या फेरींत बिल मिलिकेन या विमानविद्येच्या अभियंत्याची बुगाटी गाडी गांवांत शिरतांना एका वळणावर कोलमडली. तें 'मिलिकेनचें वळण' झालें. दोघेहि वांचले. मिलिकेन तर १०१ वर्षांचा होऊन २०१२ सालीं वारला. माणूस बचावला कीं अपघाताची गंमत होते आणि तिच्यावरून वळणांचीं नांवें पडतात. गांवकऱ्यांनाहि पहिल्या वर्षीं तसेंच वाटलें असावें.

पुढच्या वर्षीं गर्दी वाढली, त्याच्या पुढच्या वर्षीं आणखी वाढली. १९४९ सालीं माइल्स कॉलियर हा मोठी शर्यत जिंकला. माइल्स आणि त्याचा भाऊ सॅम या दोघांनीं युद्धापूर्वींपासून अमेरिकेंत रस्त्यावरच्या शर्यतींची आवड रुजविली होती. १९५० च्या सप्टेंबरांत त्याच रस्त्यावर फेरारी गाडी हांकतांना सॅम कॉलियर अपघातांत ठार झाला. ज्या वर्षाआड एका भावानें विजयाची माळ घातली, त्याच रस्त्यावर दुसऱ्या भावाचा अंत व्हावा, ही गोष्ट वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलें. गांवानें त्याच्या नांवें स्मारक उभारलें. शर्यत मात्र चालू राहिली. धांवणाऱ्यानें धोका जाणूनबुजून पत्करलेला असतो, असें त्या वेळीं म्हणणारे पुष्कळ असतील आणि त्यांना सर्वस्वीं चूक म्हणतां येणार नाहीं.

परंतु रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्यांनीं काय पत्करलेलें असतें? तीच शंका आत्याबाईंनीं वाती वळतां वळतां काढली होती आणि तिचें उत्तर २० सप्टेंबर १९५२ रोजीं त्या गांवाला मिळालें.

त्या दिवशीं मोठी शर्यत सुरू झाली. फ्रँकलिन रस्ता म्हणजे गांवचा बाजाररस्ताच. दोन्ही बाजूंना दुकानें, त्यांच्यापुढें पायवाट आणि तीवर दाटीवाटीनें लोक. पुढें सरकून नीट पाहावें ही इच्छा मोठ्यांनाहि आवरत नाहीं, मग मुलें तर कडेवर येऊन बसणारच. दुसऱ्या फेरींत पुढच्या कांहीं गाड्या एकमेकींना मागें टाकण्याच्या ओढींत त्या सरळ रस्त्यावरून भरधांव आल्या आणि त्यांतील एक ॲलार्ड गाडी रस्त्याच्या कडेच्या लोकांना घासून गेली. सात वर्षांचा एक मुलगा ठार झाला आणि डझनभर माणसें जखमी झालीं. शर्यत तेथल्या तेथें थांबविण्यांत आली. फ्रँकलिन रस्त्यावरची ती शेवटची शर्यत.

त्या मुलाचें नांव छापील हकीकतींत सांपडतें; तें मीं येथें मुद्दामच दिलेलें नाहीं. तो कुणाचा तरी मुलगा होता आणि आपल्याच गांवचा सण पाहावयास आपल्याच रस्त्यावर बसला होता, एवढें पुरे आहे.

हें कुणालाच ठाऊक नव्हतें, असेंहि नाहीं. १९०३ सालीं पॅरिसहून माद्रिदला निघालेली शर्यत वाटेंत इतके अपघात झाले कीं बोर्दो येथेंच सरकारनें थांबविली होती; मेलेल्यांत धांवणाऱ्यांप्रमाणें पाहणारेहि होते. खुद्द न्यूयॉर्क राज्यांत १९०६ सालीं व्हँडरबिल्ट चषकाच्या शर्यतींत रस्त्यावर आलेला एक प्रेक्षक ठार झाला होता. म्हणजे धडा जुनाच होता. पण दुसऱ्या गांवच्या अपघातावरून आपल्या गांवानें शहाणें व्हावें, अशी माणसाची रीत दिसत नाहीं. वॉटकिन्स ग्लेनच्या नंतरहि तेंच. इटलींत ब्रेश्चा ते रोम आणि परत अशी हजार मैलांची प्रसिद्ध शर्यत गांवोगांवच्या रस्त्यांवरून होत असे. १९५७ सालीं एका गाडीचा टायर फुटून ती लोकांत घुसली आणि तिच्यांतील दोघांखेरीज नऊ प्रेक्षक मेले, त्यांत पांच मुलें होतीं. त्यानंतर तीहि शर्यत बंद झाली.

आतां वॉटकिन्स ग्लेनची हकीकत येथेंच संपली असती, तर मीं ती वाचकांना सांगितली नसती. केवळ दुःखद बातमी सांगण्यासाठीं ही बैठक नाहीं. मला विचार करावासा वाटतो तो त्यानंतर गांवानें काय केलें याचा. दोन सोपे मार्ग समोर होते. एक, झालें तें दैवाधीन म्हणून पुढच्या वर्षीं पुन्हां दोर बांधावयाचे. दुसरा, शर्यतीचें नांवच टाकावयाचें. गांवानें दोन्ही टाळले. १९५३ सालीं त्यांनीं शर्यत बाजारपेठेंतून उचलली आणि गांवाबाहेर डोंगरमाथ्यावर, डिक्स नांवाच्या शेजारच्या भागांत, ४.६ मैलांचा नवा फेरा आंखला. ते रस्तेहि रोजच्या वाहतुकीचेच होते, परंतु आजूबाजूला शेतें होतीं, बाजारपेठ नव्हती, आणि लोकांना रस्त्यापासून दूर राखणें शक्य होतें. तीन वर्षें तेथें शर्यती झाल्या.

तेवढ्यावरहि त्यांचें समाधान झालें नाहीं. रस्ता चालणाऱ्यांसाठीं आणि शर्यत शर्यतीच्या जागीं, असें पुरतें ठरवून त्यांनीं १९५६ सालीं साडेपांचशें एकरांच्या जागेवर २.३ मैलांचा स्वतंत्र बंदिस्त मार्ग बांधला. त्याची आंखणी करण्यांत कॉर्नेलच्या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांबरोबर एक जुना परिचित होता, तो म्हणजे पहिल्या वर्षीं वळणावर कोलमडलेला बिल मिलिकेन. ज्यानें स्वतः आपटून घेतलें, त्यालाच वळण कसें असावें हें विचारणें, हा मला त्या गांवाचा शहाणपणा वाटतो. पहिल्या शर्यतीच्या अगदीं तोंडावर डांबर कसेंबसें पुरें झालें, इतकी धांवपळ. पण मार्ग तयार झाला. विस्कॉन्सिन राज्यांतील एल्कहार्ट लेक या गांवींहि असेंच झालें. तेथील रस्त्यांवरच्या शर्यती १९५२ नंतर थांबल्या आणि १९५५ सालीं गांवाबाहेर स्वतंत्र मार्ग उभा राहिला.

या बंदिस्त मार्गावर वॉटकिन्स ग्लेनची खरी कीर्ति झाली. १९६१ पासून १९८० पर्यंत सलग वीस वर्षें जगांतील सर्वोच्च दर्जाची, फॉर्म्युला वन वर्गाची, अमेरिकन ग्रां प्री तेथें भरली. पहिल्याच वर्षीं इन्स आयर्लंड यानें ती जिंकली. पुढें ग्रॅहॅम हिल आणि जिम क्लार्क यांनीं प्रत्येकीं तीनदां जिंकली. जेथें १९४८ सालीं पैशाचें बक्षीस नव्हतें, तेथें १९६९ सालीं एकट्या विजेत्याला ५० हजार डॉलर मिळाले.

पण येथेंहि सावध राहावें. मार्ग बंदिस्त झाला म्हणून मृत्यु दूर गेला असें झालें नाहीं. १९७३ सालीं फ्रान्स्वा सेव्हेर आणि १९७४ सालीं हेल्मुट कॉइनिग हे दोन तरुण तेथेंच गेले. गाड्यांचा वेग वाढत गेला, त्या प्रमाणांत मार्गावर खर्च करणें छोट्या संस्थेला झेपेना. १९८० नंतर फॉर्म्युला वन निघून गेली आणि १९८१ सालीं शर्यत चालविणाऱ्या संस्थेचें दिवाळें निघालें. पुढें १९८३ सालीं जवळच्याच कॉर्निंग गांवच्या कांचेच्या कारखान्यानें एका मोठ्या शर्यतसंस्थेच्या भागीदारींत ती जागा घेतली, १९८४ सालीं मार्ग पुन्हां उघडला आणि तेव्हांपासून तेथें शर्यती होत आल्या आहेत. अर्गेटसिंगर वकील झाला, शर्यतींच्या कारभारांत पुष्कळ वर्षें राहिला आणि २००८ सालीं ८७ व्या वर्षीं वारला. मोटारशर्यतींच्या इतिहासाचें एक मोठें संग्रहालय-ग्रंथालय १९९९ पासून त्याच गांवांत आहे.

आणि जुना फेरा? तो तसाच आहे. फ्रँकलिन रस्ता, दगडी पूल, मिलिकेनचें वळण, सारें जागच्या जागीं आहे, आणि देशाच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादींत त्याची नोंद झालेली आहे. सप्टेंबरांत एक दिवस त्या काळच्या जुन्या गाड्या पुन्हां त्या रस्त्यावरून फिरतात. मात्र शर्यत म्हणून नव्हे. मिरवणुकीसारख्या, पोलिसांच्या गाडीमागून. मुलें अजूनहि कडेला उभीं राहून हात हलवितात. गांव आपली हौस विसरलें नाहीं आणि तिची किंमतहि विसरलें नाहीं.

ही सारी हकीकत मीं एका रविवारीं दुपारीं घरांत वाचून दाखविली. १९५२ सालापाशीं आलों तेव्हां चिरंजीवांनीं मान खालीं घातली. त्यांना ती गोष्ट ठाऊक नव्हती असें नव्हे. त्यांनीं वाचली होती, पण कीर्तीच्या प्रकरणाकडे जातांना तें पान भर्रकन् उलटलें होतें. तरुणपणीं आपण सगळेच असें करतों. मीं स्वतः त्या वयांत नदीच्या पुरांत पोहण्याची पैज मारली होती आणि वडिलांपर्यंत ती पोंचूं नये म्हणून धाकट्या भावाला कांठावर राखणीला उभें केलें होतें. तो पाण्यांत उतरला असता तर काय, हा विचार मला चाळिशींत सुचला.

आत्याबाई मात्र भलतेंच बोलल्या. मला वाटलें होतें, त्या म्हणतील, "पाहा, मीं सांगितलें नव्हतें?" तें न म्हणतां त्या म्हणाल्या, "त्या गांवानें पोरांची हौस मोडली नाहीं, हें बरें केलें. हौस मोडली असती, तर तींच पोरें रात्रींबेरात्रीं गुपचूप गाड्या पळवतीं."

सत्तरी ओलांडलेल्या आणि आयुष्यांत कधीं सायकलवरहि न बसलेल्या बाईचें हें मत ऐकून मी चकित झालों. विचार केला तेव्हां तें मला पटलें. घरांतील वडीलमंडळींचें काम 'नाहीं' म्हणण्यानें पुरें होत नाहीं. आपण नाहीं म्हटलें आणि हात झटकले, तर मुलें आपल्या नजरेआड जातात. हो म्हटलें आणि सही ठोकली, तर एक दिवस रस्त्याच्या कडेला बसलेल्या दुसऱ्या कुणाच्या मुलाचा जबाब आपल्यालाहि द्यावा लागतो. या दोहोंच्या मधली वाट कष्टाची आहे. जागा शोधावी लागते, पैसे उभे करावे लागतात, विमा, रुग्णवाहिका, कुंपण या रुक्ष गोष्टींत डोकें घालावें लागतें. वॉटकिन्स ग्लेननें ती वाट धरली, पण एक मूल गमावल्यावर. आपल्याला तीच वाट आधीं धरतां येणार नाहीं काय?

आतां सहीविषयीं. पहिल्या अर्जावर मीं सही केली नाहीं आणि चिरंजीवांनींहि पुन्हां ती मागितली नाहीं. चार दिवसांनीं ते दुसरा कागद घेऊन आले. त्यांत मारुतीच्या देवळाचा रस्ता नव्हता. गांवापासून दूर असलेल्या एका पडीक माळाची मोजणी करून तेथें वळणावळणाचा मार्ग करतां येईल काय, याची चौकशी होती. प्रेक्षकांना कुठें बसवावयाचें याचा एक नकाशा जोडलेला होता आणि सर्वांत खालीं खर्चाचा अंदाज होता. तो अंदाज पाहून आमच्या बंधूंना ठसका लागला, ही गोष्ट निराळी. हें काम या वर्षीं होणार नाहीं, कदाचित् पुढच्या वर्षींहि नाहीं. पण नकाशांत प्रेक्षकांची जागा मार्गापासून बरीच दूर, एका उंचवट्यावर दाखविली आहे. ती कुणीं सुचविली असें विचारतां चिरंजीवांनीं कोपऱ्याकडे बोट केलें.

त्या कागदावर सर्वांत वर मीं सही केली आहे. तिच्या खालीं आत्याबाईंचीहि सही घ्यावी, असा माझा आग्रह आहे, त्या अजून "मला काय कळतें त्यांतलें?" म्हणून वाती वळीत बसल्या आहेत.